न्यूयॉर्कची सहा कॉकटेल, मिरज रोडचं एक परमिट रूम: कार्ड बनवतानाच्या नोंदी

६ जानेवारी २०२५

आजपासून लिहून ठेवतोय. पुण्यात सहा वर्षं बारमागं उभा राहिलो, आता सांगलीला परत आलोय आणि मामांच्या परमिट रूमचं काउंटर बघायला लागलोय, मिरज रोडला आजोबांनी चालू केलेलं, बोर्डावर अजून तेच 'परमिट रूम व गार्डन'. मामा म्हणाले तुला काय नवीन करायचं ते कर, फक्त खर्च आधी सांगत जा. मी म्हणलं एक लहान मेनूकार्ड करूया, सहाच कॉकटेल, सगळी न्यूयॉर्कशी नाळ असलेली, आणि प्रत्येकाखाली चार ओळी मराठीत, कुठं बनलं, कधी बनलं, कुणी बनवलं.

एकच शहर का, तर आमच्याकडं येणारा माणूस गोष्ट ऐकायला बसतोच, आणि सहा गोष्टी एकाच शहराच्या असल्या की त्या एकमेकांत गुंततात, मग पुढच्या खेपेला तोच माणूस दुसरी गोष्ट ऐकायला येतो. आणि खरं कारण असं की मी पुण्यात सहा वर्षं मॅनहॅटन या कॉकटेलची जी गोष्ट गिऱ्हाईकांना सांगत होतो ती खोटी होती. ट्रेनिंगमध्येच तशी शिकवलेली. हे कळल्यावर मला फार लागलं, कारण लोकांनी ती माझ्या तोंडून ऐकून पुढं चार जणांना सांगितली असणार.

तर नियम एकच. पुरावा असेल तेच छापायचं. वाद असेल तर वाद आहे असं छापायचं.

९ जानेवारी

सुरुवात शब्दापासून. कॉकटेल म्हणजे काय याची पहिली छापील व्याख्या १३ मे १८०६ ची, हडसन गावच्या एका पेपरात. हे हडसन न्यूयॉर्क राज्यात आहे पण शहरात नाही, नदीकाठानं बरंच वर. आधीच्या अंकात कॉकटेल हा शब्द आला, एका वाचकानं विचारलं हे काय असतं, आणि संपादकानं उत्तर छापलं: कुठलीही दारू, साखर, पाणी आणि बिटर्स. चार गोष्टी. झाडपाल्याचा कडू अर्क तो बिटर्स.

मला यातलं 'पाणी' फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडं पाणी म्हणजे पेग वाढवायची गोष्ट, वेटर ओतत राहतो, कुणी मोजत नाही. इथं व्याख्येतच पाणी आहे, म्हणजे ते पण मापात हवं. पुढं त्या पाण्याची जागा बर्फानं घेतली, आणि योगायोग बघा, त्याच १८०६ साली बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरनं तळ्यावरचा बर्फ जहाजात भरून पहिल्यांदा मार्टिनिक बेटावर विकायला नेला. त्याच माणसानं १८३३ ला कलकत्त्याला बर्फ पाठवला. निघताना १८० टन, चार महिन्यांनी पोचताना साधारण १०० टन, भुसा आणि गवतात गुंडाळलेला. हडसन नदीचा बर्फ पण हिवाळ्यात कापून न्यूयॉर्कला जायचा. बर्फ स्वस्त झाला म्हणून तिथल्या बारमध्ये ढवळायला, हलवायला, गाळायला लागले. माणसाच्या डोक्यात कल्पना असून भागत नाही, हाताशी बर्फ लागतो.

अण्णांना हे सांगितलं. अण्णा आमच्याकडं आजोबांच्या वेळेपासून आहेत, वेटर म्हणून आले, आता सगळंच बघतात. ते म्हणाले, "आमच्या टायमाला बी लादी यायची, पोत्यात, भुसा लावून. मिरजेतनं सायकलवर." म्हणजे कलकत्त्याचीच पद्धत, फक्त जहाज नाही सायकल.

१३ जानेवारी

बर्फाची चाचणी. फ्रीजच्या ट्रेमधला बर्फ पांढरा आणि लवकर विरघळतो. कारखान्याची लादी बाहेरनं काचेसारखी असते पण ती बाहेरनं थंड करायला वापरायची, ग्लासात घालायची नाही, हे मी पहिल्या दिवशीच सांगून टाकलंय.

मेडिकलवाल्याकडनं थर्माकोलची पेटी आणली, झाकण काढून टाकलं, आरओचं पाणी भरून डीप फ्रीजरमध्ये ठेवली. चारी बाजूनं आणि खालनं थर्माकोल असल्यामुळं थंडी फक्त वरनं लागते, पाणी वरनं खाली गोठत जातं आणि आतली हवा खाली खाली ढकलली जाते. २० तासांनी काढली तर वरची चार बोटं एकदम आरपार, खाली थोडं पाणी न गोठलेलं आणि मधे एक पांढरा थर. तो थर करवतीच्या सुरीनं कापून टाकला. तुकडा उन्हात धरला तर पलीकडं मामांची स्कूटर दिसत होती, नंबरप्लेटसकट. पाणी उकळून बघितलं, त्यानं विशेष फरक नाही, पेटीनंच काम होतंय. रोज दोन पेट्या लावायच्या.

१८ जानेवारी

मॅनहॅटन. आज दिवसभर हेच.

मी सांगायचो ती गोष्ट अशी. १८७४ ला सॅम्युअल टिल्डन न्यूयॉर्कचा गव्हर्नर म्हणून निवडून आला, त्याच्यासाठी मॅनहॅटन क्लबात मोठी पार्टी झाली, ती दिली जेनी जेरोमनं, म्हणजे विन्स्टन चर्चिलच्या आईनं, आणि तिच्या फर्माईशीवरनं हे ड्रिंक पहिल्यांदा बनलं. ऐकायला किती छान. निवडणूक खरी, क्लब खरा. पण चर्चिलचा जन्म ३० नोव्हेंबर १८७४ चा, इंग्लंडात, ब्लेनहाइम राजवाड्यात. टिल्डन निवडून आला त्याच नोव्हेंबरात. म्हणजे त्या पार्टीच्या दिवसांत बाई समुद्रापलीकडं, एकतर दिवस भरत आलेल्या नाहीतर नुकती बाळंतीण. ती न्यूयॉर्कात पार्टी कुठनं देणार? साधी तारीख ताडून बघायची होती आणि सहा वर्षांत मी ती बघितली नाही.

गोष्ट तयार कशी झाली असेल याचा एक धागा आहे. जेनीच्या वडिलांचा मॅडिसन स्क्वेअरला मोठा बंगला होता, आणि पुढं १८९९ ला तोच बंगला मॅनहॅटन क्लबानं घेतला. जेरोमचं घर आणि मॅनहॅटन क्लब एकाच पत्त्यावर आले की लोकांच्या तोंडी बाकीचं जुळायला वेळ लागत नाही, असं मला वाटतं.

मग पुरावा काय आहे? सप्टेंबर १८८२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ओलिअन गावच्या पेपरात आलंय की व्हिस्की, व्हर्मूथ आणि बिटर्सचं एक मिश्रण अलीकडं चालायला लागलंय. आणि मजा म्हणजे त्याला तेव्हा तीन नावं होती, टर्फ क्लब, जॉकी क्लब आणि मॅनहॅटन, म्हणजे ड्रिंक ठरलेलं आणि नाव अजून ठरायचं होतं. १८८४ पासून कृती पुस्तकांत छापून यायला लागल्या.

आणि एक साक्ष आहे, जी मला सगळ्यात जवळची वाटते. विल्यम मल्हॉल नावाचा बारमन, हॉफमन हाउस हॉटेलच्या बारमध्ये तीस वर्षांहून जास्त काढलेला. त्यानं म्हातारपणी लिहिलंय की मॅनहॅटन बनवलं ब्लॅक नावाच्या माणसानं, १८६० च्या दशकात, ब्रॉडवेवर हाऊस्टन स्ट्रीटच्या खाली दहा दारं सोडून त्याची जागा होती. दहा दारं! लॉर्ड नाही, राजवाडा नाही, कोपऱ्यावरनं दारं मोजत गेलं की सापडेल असं दुकान. मल्हॉलनं पण ऐकलेलंच लिहिलंय, तारखेला दोन पिढ्या उलटल्यावर, त्यामुळं पक्कं म्हणता येत नाही. पण कार्डावर मी हेच घालणार, 'एका जुन्या बारमनच्या सांगण्यावरून' असं म्हणून.

२० जानेवारी

मॅनहॅटन हातानं. ६० एमएल व्हिस्की, ३० एमएल गोड व्हर्मूथ, दोन थेंब अँगोस्टुरा बिटर्स. मूळची व्हिस्की राय, म्हणजे राय धान्याची, ती इथं मिळणं अवघड, पुण्याहून बर्बन आणली, ती मक्याची.

पहिला ग्लास वाईट लागला. आंबट, जुनाट, पुठ्ठ्यासारखा वास. व्हिस्की वेगळी चाखली, ठीक. मग व्हर्मूथची बाटली बघितली तर ती मागच्या रॅकवर, ट्यूबलाइटखाली, झाकण सैल, आणि कधी उघडली कुणालाच माहीत नाही. मामा म्हणाले दारू कधी खराब होते का. पण व्हर्मूथ ही दारू नाही ओ, वाइन आहे, द्राक्षाची वाइन, त्यात दवण्याच्या जातीचा वगैरे झाडपाला आणि थोडं स्पिरिट. उघडली की हवा लागून उतरत जाते. फ्रीजमध्ये ठेवली तर महिना-दीड महिना, बाहेर ठेवली तर त्याआधीच जाते. मामांना जुनी आणि नवी शेजारी शेजारी दोन चमच्यांत दिली, त्यांनी काही न बोलता जुनी बेसिनमध्ये ओतली.

नवीन नियम: लहान बाटली घ्यायची, फ्रीजमध्ये ठेवायची, उघडल्याची तारीख लेबलवर मार्करनं.

दुसरा ग्लास, नवीन व्हर्मूथ, पेटीतला बर्फ, लांब चमच्यानं ३० सेकंद ढवळलं. ९० एमएल घातलेलं ११५ च्या आसपास बाहेर आलं, म्हणजे वरचं सगळं बर्फाचं पाणी. १८०६ च्या व्याख्येतलं पाणी हेच. जीभ भाजत नाही, आधी गोड लागतं मग कडू, आणि घोट गेल्यावर लवंगेसारखा वास मागं राहतो.

२४ जानेवारी

मॅनहॅटनमध्ये चेरी लागते. बाजारात केकवर लावायची जी लाल चेरी मिळते ती बऱ्याचदा चेरी नसतेच, रंग घातलेलं करवंद असतं. ते मी घालणार नाही. तासगावला मावशीकडं गेलो, काका म्हणाले बेदाणाच भिजव की. लांब दाण्याचा काळा बेदाणा आणला, व्हिस्कीत घातला, दोन लवंगा, थोडा गूळ, बरणीचं झाकण घट्ट. आठवडा ठेवायचा.

बागेत फिरताना काकांना एक सांगितलं ते त्यांना पटेना. अमेरिकेत आधी कॉकटेल ब्रँडीची पण खूप व्हायची. १८६० च्या पुढं फ्रान्सच्या द्राक्षबागांना अमेरिकेतनंच आलेली एक कीड लागली, फिलोक्सेरा, मुळं खाणारी, बागाच्या बागा वाळल्या, ब्रँडी मिळेनाशी झाली आणि बारमध्ये तिची जागा व्हिस्कीनं धरली. मॅनहॅटन वाढलं ते नेमकं याच काळात. आणि फ्रान्सच्या बागा वाचल्या कशा, तर अमेरिकन रानद्राक्षाच्या खुंटावर कलम करून, कारण त्या मुळांना ती कीड मारू शकत नाही. काका उभे होते त्या वेलीच्या बुडाकडं बोट दाखवून मी म्हणलं, तुमचं हे डॉगरिज खुंट पण मूळचं टेक्सासचं. ते खाली बसले, कलमाच्या गाठीवरनं अंगठा फिरवला आणि म्हणाले, "आम्ही खारपड जमीन आणि पाण्याचा ताण म्हणून लावतो, हे कुणी सांगितलंच नव्हतं."

२६ जानेवारी

ड्राय डे. अण्णांनी सगळे ग्लास काढून धुवायला घेतले, मी वाचत बसलो.

अमेरिकेत १७ जानेवारी १९२० ला देशभर दारूबंदी लागू झाली, ५ डिसेंबर १९३३ ला उठली. जवळजवळ १४ वर्षं. न्यूयॉर्कमध्ये चोरून चालणारे अड्डे भरपूर झाले, दारू वाईट मिळायची, पण माझ्या मनात राहतात ते बारमन. ज्यांच्या हाताला हे काम लागलेलं त्यांचं काम एका रात्रीत गुन्हा झालं. काही जण बोटीनं निघून गेले. हॅरी क्रॅडॉक न्यूयॉर्कच्या हॉटेलांत काम करायचा, तो १९२० ला लंडनला गेला, सॅव्हॉय हॉटेलच्या बारमध्ये नाव काढलं आणि १९३० ला तिथनं कृतींचं मोठं पुस्तक काढलं. न्यूयॉर्कची कितीतरी ड्रिंक त्या लंडनच्या पुस्तकात टिकली.

आमच्या बोर्डावरचा 'परमिट रूम' हा शब्द पण दारूबंदीचाच. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, त्यात प्यायला परवाना लागतो, आजही लागतो, एक दिवसाचा, वर्षाचा, नाहीतर आजीवन. लोकांना वाटतं परमिट बारला असतं. बारचं लायसन वेगळं, परमिट पिणाऱ्याचं. आणि आपल्याकडं दारूसाठी वय २५ पूर्ण, हे मी कार्डाच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात घालणार आहे, मामांनी पण तेच सांगितलं.

२ फेब्रुवारी

ब्रॉन्क्स. हे आता जगात कुणी फारसं मागत नाही, पण मला फार आवडतं, कारण बनवणाऱ्याचं नाव आहे. जॉनी सोलन, वाल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलच्या जुन्या इमारतीतला बारमन. ती इमारत फिफ्थ अव्हेन्यूवर जिथं होती तिथंच, १९२९ ला ती पाडून, एम्पायर स्टेट बिल्डिंग उभी राहिली. सोलनची हकीकत अशी की दुपारच्या गर्दीत कुणीतरी म्हणालं काहीतरी नवीन बनवून दाखव. त्या वेळी डुप्लेक्स नावाचं एक ड्रिंक चालायचं, गोड आणि कोरडी व्हर्मूथ निम्मी निम्मी. सोलन तेच बनवत होता, त्यात त्यानं जिन आणि संत्र्याचा रस घातला. नाव काय ठेवायचं विचारल्यावर त्याला ब्रॉन्क्सचं प्राणिसंग्रहालय आठवलं, एक-दोन दिवसांपूर्वीच तो तिथं जाऊन आलेला. जास्त पिल्यावर गिऱ्हाईकांना नाही नाही ते प्राणी दिसतात, हे तो रोज ऐकायचाच. प्राणिसंग्रहालय १८९९ च्या नोव्हेंबरात उघडलं, म्हणजे गोष्ट त्यानंतरचीच. दुसऱ्या एकाचा पण या ड्रिंकवर दावा आहे, तो एका ओळीत देतो.

मार्केट यार्डातनं नागपूर संत्री आणली. आपलं संत्रं तिकडच्यापेक्षा गोड आणि मऊ, त्यामुळं बाराखडी तीच ठेवली पण मात्रा बदलल्या: जिन ४५, दोन्ही व्हर्मूथ १५-१५, रस २०, आणि वर अर्धा चमचा लिंबू. लिंबू नसेल तर सरबत होतं. साल पिळून तेल वर उडवलं तर टेबलापर्यंत वास जातो.

८ फेब्रुवारी

टॉम कॉलिन्स. थोडक्यात. १८७४ ला न्यूयॉर्कमध्ये एक चेष्टा पसरली, मित्राला गाठून सांगायचं, टॉम कॉलिन्स तुझ्याबद्दल काय काय बोलतोय, कोपऱ्यावरच्या बारमध्येच बसलाय. तो तणतणत तिथं जायचा, तिथला बारवाला म्हणायचा आत्ताच पुढच्या बारमध्ये गेला. असा माणूसच नव्हता. पेपरात छापून आलं. १८७६ च्या जेरी थॉमस या बारमनच्या पुस्तकात टॉम कॉलिन्स नावाचं ड्रिंक आहे. पण त्याच्या आधी लंडनला लिमर्स हॉटेलात जॉन कॉलिन्स होतंच, तेव्हा हे निम्मं न्यूयॉर्कचं. कार्डावर तसंच लिहिलंय.

जिन, लिंबू, साखर, सोडा. आमच्याकडं हेच सगळ्यात जास्त खपणार, भडंगाबरोबर तर फारच.

१५ फेब्रुवारी

ब्लडी मेरी, म्हणजे रेड स्नॅपर. याची गोष्ट सगळ्यात गुंत्याची आणि मला वाटतं सगळ्यात सुंदर.

पॅरिसला रू दोनू नावाच्या रस्त्यावर एक बार आहे, हॅरीज न्यूयॉर्क बार. १९११ ला उघडला. त्याचं लाकूडकाम मॅनहॅटनमधल्या एका बारचं, तिथनं सुटं करून बोटीनं आणून परत जोडलेलं. म्हणजे आधी न्यूयॉर्क उचलून पॅरिसला नेलं. तिथं १९२० च्या दशकात फर्नांद पेतियो नावाचा पोरगा काम करायचा, वोडका आणि टोमॅटोचा रस हे तिथनं सुरू झालं असं त्या बारचं म्हणणं. दारूबंदी उठल्यावर १९३४ ला पेतियो न्यूयॉर्कला सेंट रेजिस हॉटेलच्या किंग कोल बारमध्ये आला. आता पॅरिसचा माणूस न्यूयॉर्कला. तिथल्या लोकांना नुसतं टोमॅटो-वोडका फिकं लागायचं, म्हणून त्यानं मीठ, मिरी, लाल तिखट मिरी, वूस्टर सॉस, लिंबू घातलं. हॉटेलला ब्लडी हा शब्द नको होता, म्हणून तिथं नाव रेड स्नॅपर, आणि तिथं आजही तेच नाव आहे.

तिकडं जॉर्ज जेसेल नावाचा विनोदी नट सांगायचा की ब्लडी मेरी मी बनवली. आणि १९६४ ला पेतियोला विचारलं तेव्हा तो माणूस जे म्हणाला ते मी तीनदा वाचलं. जेसेल म्हणतो त्यानं बनवली, पण माझ्याकडं आली तेव्हा ती नुसती वोडका आणि टोमॅटो होती, आजची जी आहे ती मी केली, अशा अर्थाचं. समोरच्याचं जेवढं तेवढं त्याला दिलं, आपलं जेवढं तेवढं ठेवलं. तीस वर्षं काउंटरमागं उभा राहिलेला माणूसच असं बोलू शकतो.

१६ फेब्रुवारी

काल रात्री बंद करताना हे अण्णांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "म्हंजी आपला लाल सोडाच की."

लाल सोडा आमच्याकडं कायमच आहे. वोडका, कोकमाचं आगळ, काळं मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची, वरनं सोडा. कार्डावर कधीच नव्हता, जुनी माणसं तोंडी मागतात. मी लहानपणी आगळ-सोडाच प्यायचो, वोडका न घातलेला, म्हणून मला ते कुणी बनवलं असा प्रश्नच कधी पडला नाही. विचारलं कधीपासून आहे. अण्णा म्हणाले छ्याण्णवचा उन्हाळा. मामा गल्ला मोजत होते, तिथनंच म्हणाले छे, दोन हजारनंतर, पाटबंधारे खात्यातले एक साहेब यायचे त्यांनी सुरू केलं. अण्णा गप्प बसले.

दोघंही तिथंच होते, तीच जागा, तीच टेबलं, आणि चार-पाच वर्षांचा फरक. मल्हॉलच्या ब्लॅकला तर साठेक वर्षं होऊन गेली होती.

२३ फेब्रुवारी

गावभागातल्या जुन्या घरी गेलो. जुनी बिलबुकं माळ्यावर असायची, २००५ च्या पुरात तिथं पाणी चढलं नाही. नंतर माळा दुरुस्तीला काढला तेव्हा खाली कपाटात आणून ठेवली, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये कपाट निम्मं बुडालं. खालच्या दोन कप्प्यांतली पुस्तकं एकमेकांना चिकटून विटा झाल्यात, उघडायला गेलं की पापुद्रे निघतात, कार्बनची शाई पसरून सगळं पान जांभळं. ९८ च्या आधीचं सगळं त्यात गेलं. वरच्या कप्प्यातली वाचलीत.

दुपारी अडीच ते साडेसहा बसलो. मामी दोनदा चहा देऊन गेली. नोव्हेंबर १९९८ च्या पुस्तकात टेबल ४, 'लाल सो. २', पुढं 'भडंग १'. त्याच महिन्यात अजून पाच वेळा. म्हणजे तेव्हा ते रुळलेलं होतं, नाव आखडून लिहिण्याइतकं. मामांचं दोन हजारनंतरचं गेलं. अण्णांचं छ्याण्णव खरं असेल, पण दाखवायला कागद नाही. ओलिअनच्या पेपरसारखंच आहे हे, या तारखेच्या आधीचं आहे एवढं पक्कं.

पान मोबाईलवर काढलं. अण्णांना दाखवलं, त्यांनी चष्मा लावला, मोठं करायला सांगितलं आणि म्हणाले, "ह्यो 'ल' माझा हाय."

मग सांगितलं त्यांनी सगळं. साहेब कोकणातले, येताना आगळाची बाटली पिशवीत घेऊन यायचे आणि वोडकात घालून प्यायचे, नुसतं तेवढंच. एकदा म्हणाले अण्णा, तोंडाला काही चव नाही. अण्णांनी आतनं मिरची आणि काळं मीठ आणलं, सोडा ओतला. "आगळ त्यांचं. मिरची माझी. तसंच लिव."

१ मार्च

उरलेली दोन पटापट.

कॉस्मोपॉलिटन. या नावाची ड्रिंक आधी दुसरीकडं पण होती, पण आज जे पितात ते १९८८ ला ट्रायबेका भागातल्या ओडियन रेस्टॉरंटमध्ये टोबी चेकिनीनं बसवलं. लिंबाची वोडका, संत्र्याची लिक्युअर म्हणजे गोड दारू, लिंबू, आणि क्रॅनबेरी या आंबट लाल फळाचा रस. पुढं एका टीव्ही मालिकेनं ते घराघरात पोचवलं. पाकिटातला क्रॅनबेरी रस फार गोड येतो, म्हणून लिंबू वाढवलं. मला हे जेवढ्यास तेवढं वाटतं, पण लोकांना माहीत आहे म्हणून ठेवलं.

पेनिसिलिन. हे नवीन, २००५ चं, आणि आमच्या भागासाठीच बनल्यासारखं. मिल्क अँड हनी नावाचा बार, लोअर ईस्ट साइडला, साशा पेट्रास्कीनं १९९९ च्या शेवटच्या रात्री उघडलेला. बाहेर बोर्ड नव्हता, आधी फोन करून जायचं, आत आवाज चढवायचा नाही, अनोळखी बाईशी आपणहून बोलायला जायचं नाही, असे नियम भिंतीवर लावलेले. मामांना ते नियमच फार आवडले. तिथं सॅम रॉस नावाच्या ऑस्ट्रेलियन बारमननं स्कॉच, लिंबू, मध आणि आलं एकत्र केलं आणि वरनं धुरकट स्कॉचचा एक पातळ थर सोडला. आपल्या घरात सर्दी-खोकल्याला आलं-लिंबू-मध देतात, तेच, म्हणून नाव औषधाचं. औषध ते नाही हे पण कार्डावर लिहिलंय, कारण आमच्याकडं लोक तसं खरंच समजतात.

आलं साताऱ्याचं, कोरेगावकडचं, मध महाबळेश्वरचा. मामेभाऊ मांघरहून घेऊन आला, तेच ते गाव ज्याला २०२२ ला मधाचं गाव केलंय. आलं किसून पिळायचं, उकळायचं नाही, उकळलं की तिखटपणा जातो आणि काढ्याचा वास येतो. मधात तिसरा हिस्सा कोमट पाणी घालून पातळ केला, नाहीतर शेकरमध्ये गार होऊन बुडाला बसतो. अण्णांनी पहिला घोट घेतला, डोळे मिटले आणि ग्लास परत दिला नाही.

७ मार्च

प्रेसमधनं प्रूफ आलं. मॅनहॅटनच्या पानावर चर्चिलच्या आईचा फोटो. तिथल्या पोरानं नाव शोधलं, पहिला जो फोटो आला तो लावला. चांगल्या मनानं केलं त्यानं, पण मी गाडी काढून लगेच गेलो, त्याला शेजारी बसवून ३० नोव्हेंबर १८७४ ची गोष्ट सांगितली आणि फोटो काढायला लावला. त्या जागी काय टाकू म्हणाला. बेदाण्याचा टाक म्हणलं, मोबाईलवर होता, बरणीतला, भिजून टम्म फुगलेला.

सातवं पान वाढवलंय. त्यावर: 'लाल सोडा. मिरज रोड, सांगली. १९९८ च्या बिलबुकात नोंद, त्याआधीपासून चालू. आगळ एका गिऱ्हाईकाचं, मिरची, काळं मीठ आणि सोडा अण्णांचा.' मामांनी वाचलं, दोन हजारबद्दल काही बोलले नाहीत, फक्त 'चालू' च्या जागी 'सुरू' करूया का म्हणाले. केलं.

१६ मार्च

कार्डं आली, ४० प्रती. काल शनिवारी पहिल्यांदा टेबलांवर ठेवली. मॅनहॅटन चार, टॉम कॉलिन्स अकरा, ब्रॉन्क्स एक, रेड स्नॅपर दोन, कॉस्मो तीन, पेनिसिलिन नऊ. लाल सोडा सतरा. ब्रॉन्क्स घेतलेल्या माणसानं कार्ड दोनदा वाचलं आणि विचारलं, हा सोलन पुढं कुठं गेला? ते शोधायचं आहे.

करायचं: थर्माकोलची तिसरी पेटी, शनिवारी दोन पुरत नाहीत. बेदाणा परत भिजवायचा. आगळ मालवणहून मागवायचं, इथलं या खेपेला पाणचट आलंय.

व्हर्मूथची नवीन बाटली काल उघडली. सकाळी फ्रीज बघितला तर दुसऱ्या कप्प्यात होती, लेबलवर मार्करनं तारीख आधीच घातलेली, 'दि. १५/३, लाल व्हर्मूथ', आणि 'ल' ओळखीचा.